वीज फुकट, पण मोटर नव्हे

भाताची सुगी आटोपली की आपल्या खानापूर-बेळगाव भागात मोटरींचा हंगाम सुरू होतो. कोबी, मिरची, बटाटा, ऊस, सगळ्यांना पाणी हवे असते आणि विहिरीवरची मोटर रात्रंदिवस घरघरत राहते. मार्च उजाडला की दुसरे एक दृश्य दिसू लागते. वाइंडिंगच्या दुकानापुढे जळालेल्या मोटरी ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांचे मालक कपाळाला हात लावून बाकावर बसलेले असतात. कोणी मोटरीच्या कंपनीला बोल लावतो, कोणी लाइनमनला, कोणी नशिबाला. मोटर भरून होते, हजारो रुपये मोजले जातात, आणि पुढच्या मार्चात तोच शेतकरी त्याच बाकावर पुन्हा दिसतो.

आमचे मत असे आहे की यांतल्या बऱ्याच मोटरी नशिबाने जळत नाहीत. त्या हिशेब न केल्यामुळे जळतात. हा हिशेब दहावीच्या पुस्तकात आहे. आपली मुले तो पाठ करून मार्क मिळवतात, पण घरी येऊन मोटरीच्या अंगावरची पाटी वाचत नाहीत. आपणही त्यांना ती वाचायला सांगत नाही. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल येत नाही, त्यामुळे विजेचा आकडा पाहण्याची सवयच आपल्याला उरलेली नाही. वीज फुकट मिळते हे खरे. पण मोटर फुकट मिळत नाही, केबल फुकट मिळत नाही, आणि माणसाचा जीव तर कोणत्याच दुकानात मिळत नाही.

दोन ओळींचा हिशेब

विजेचे तीन आकडे सर्वांनी ओळखावेत. पहिला व्होल्ट, म्हणजे विजेचा दाब. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर, तसेच हे. दुसरा अँपिअर, म्हणजे तारेतून प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह. तिसरा ओहम, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ज्याला पुस्तकात रोध म्हणतात. बारीक आणि लांब पाइपातून पाणी कमी येते, तसाच बारीक आणि लांब तारेचा रोध जास्त असतो.

या तिन्हींचे नाते असे:

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर
शक्ती (वॅट) = व्होल्ट × अँपिअर

यातले कोणतेही दोन आकडे ठाऊक असले की बाकीचे निघतात. घरातली इस्त्री घ्या. तिच्यावर २३० व्होल्ट आणि १००० वॅट असे लिहिलेले असते. १००० भागिले २३०, म्हणजे ती सुमारे ४.३५ अँपिअर घेते. २३० भागिले ४.३५, म्हणजे तिच्या तारेचा रोध सुमारे ५३ ओहम. आता संध्याकाळी दाब उतरून १८० व्होल्ट झाला असे समजा. १८० भागिले ५३, म्हणजे प्रवाह ३.४ अँपिअर, आणि १८० गुणिले ३.४, म्हणजे शक्ती ६१२ वॅट. दाब पाव हिश्श्याहूनही कमी उतरला, पण उष्णता मात्र हजारावरून सहाशेवर आली. संध्याकाळी इस्त्री का तापत नाही, याचे उत्तर मिळाले.

हा नियम जर्मनीतील गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केला. ते कुलुपे करणाऱ्या कारागिराचे पुत्र, आणि कोलोन शहरात पूर्वी येशूसंघीयांनी चालवलेल्या विद्यालयात शिक्षक होते. व्होल्ट हे नाव इटलीचे अलेस्सांद्रो व्होल्टा यांच्यावरून आले आणि अँपिअर हे फ्रान्सचे आंद्रे मारी आंपेर यांच्यावरून. या आंपेर यांच्याच पॅरिसमधील घरी फ्रेडरिक ओझानाम नावाचा तरुण विद्यार्थी राहत असे. गोरगरिबांसाठी संत व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी १८३३ साली ज्यांनी सुरू केली तेच हे ओझानाम. १९९७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले. तेव्हा अँपिअर हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. देवाने सृष्टीला घालून दिलेले नियम शोधणे आणि शेजाऱ्याची सेवा करणे, ही दोन्ही कामे त्या घरात एकाच छपराखाली चालत होती.

मोटर म्हणजे इस्त्री नव्हे

येथेच आपली मोठी फसगत होते. दाब उतरला की इस्त्री कमी प्रवाह घेते, थंड पडते, पण जळत नाही. त्यावरून आपण समजतो की मोटरही तशीच असेल. दाब कमी आहे, तर थोडी हळू चालेल, पाणी थोडे कमी पडेल, चालू दे. तसे होत नाही. पंपाला पाणी उचलायचेच असते. त्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ ठरलेली असते. दाब कमी झाला तर तीच शक्ती मिळवण्यासाठी मोटर जास्त अँपिअर ओढते. कमी पगारात तेच घर चालवायचे तर माणूस जास्त तास राबतो, तसे हे. आणि राबता राबता माणसाप्रमाणेच मोटरही तापते.

आता आकडे पाहू. ५ अश्वशक्ती म्हणजे ५ गुणिले ७४६, म्हणजे ३७३० वॅट. ही मोटरीने पंपाला द्यायची शक्ती झाली. तीन फेजच्या मोटरीसाठी वरच्या सूत्राला दोन गुणक जोडावे लागतात. एक १.७३, तीन फेजसाठी. आणि दुसरा पॉवर फॅक्टर, जो अशा मोटरीत साधारण ०.८५ असतो. ४१५ व्होल्टला मोटर ७.६ अँपिअर घेत असेल तर १.७३ × ४१५ × ७.६ × ०.८५, म्हणजे सुमारे ४६४० वॅट आत जातात. बाहेर ३७३० पडतात. उरलेले ९०० वॅट मोटरीच्या पोटातच उष्णता होऊन राहतात. तेवढी उष्णता बाहेर टाकण्याची सोय कारखान्यात केलेली असते. त्याहून अधिक उष्णतेची नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तारेत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. वाइंडिंग एकदम जळत नाही. अगोदर तारेवरचे वॉर्निश करपते, मग तारा एकमेकींना लागतात, आणि मग एके रात्री धूर निघतो. आपल्याला ती रात्र आठवते, पण तिच्या आधीच्या शंभर रात्री आपण विसरतो.

आमचाच अनुभव

दुसऱ्याचे कशाला, आमच्या मळ्यातली ५ अश्वशक्तीची मोटर एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली. दोन्ही वेळा आम्ही वाइंडिंगवाल्याला बोललो. तिसऱ्यांदा मोटर बसवल्यावर एका जाणत्या वायरमनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलावले. हे मीटर तारेभोवती चिमट्यासारखे धरले की तारेला न तोडता, न सोलता अँपिअर दाखवते. संध्याकाळी सातची वेळ होती. मीटरपेटीजवळ दाब भरला ३६० व्होल्ट. विहिरीवर, स्टार्टरच्या डब्यात, भरला ३०५. क्लॅम्प मीटरने दाखवले १०.३ अँपिअर. मोटरीच्या पाटीवर होते ७.६.

१०.३ हा ७.६ च्या सुमारे १.३६ पट, त्याचा वर्ग १.८ च्या वर. म्हणजे वाइंडिंगच्या तारा नेमून दिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट उष्णता सोसत होत्या. मग ओव्हरलोड रिलेने मोटर बंद का केली नाही? डबा उघडून पाहिला तर रिलेचा काटा १२ वर फिरवलेला! तो काटा आमच्याच सांगण्यावरून फिरवला गेला होता. रिले सारखा पडतो, पाणी अर्धवट राहते, म्हणून आम्हीच तक्रार केली होती. रिले बिचारा ओरडून सांगत होता, आणि आम्ही त्याचे तोंड बांधून टाकले.

मग ५५ व्होल्ट वाटेत गेले कुठे? मीटरपेटीपासून विहीर ३०० मीटर. पैसे वाचवायला टाकलेली तार २.५ चौरस मिलिमीटरची, ॲल्युमिनियमची. अशा तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो; ३०० मीटरला ३.६ ओहम. १०.३ गुणिले ३.६, म्हणजे एका तारेत ३७ व्होल्ट. त्याला १.७३ आणि ०.८५ ने गुणले की ५४-५५ येतात. वहीतला हिशेब आणि मीटरचा काटा एकमेकांना मिळाले, तेव्हा आम्हांला आनंद झाला आणि लाजही वाटली.

त्या तारांत शक्ती किती जळत होती? १०.३ चा वर्ग, गुणिले ३.६, गुणिले ३ तारा. सुमारे ११४५ वॅट. म्हणजे दीड अश्वशक्ती निव्वळ केबल तापवायला जात होती. आम्ही ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली. तिचा रोध ३०० मीटरला ०.९ ओहमच्या आसपास. आता वाटेत १२-१३ व्होल्टच जातात, आणि केबलमधली नासाडी सव्वादोनशे वॅटवर आली. केबल महाग पडली हे खरे, पण दोनदा मोटर भरण्याचा, दोनदा ती उतरवण्या-चढवण्याचा आणि वाळलेल्या मिरचीचा खर्च मांडला तर ती महाग राहत नाही.

एवढे करूनही संध्याकाळी मोटर ९ अँपिअर घेतेच, कारण मीटरपेटीवरच ३६० व्होल्ट येतात. म्हणून आम्ही घरचा नियम केला आहे: मीटरपेटीवर ३८० दिसल्याशिवाय मोटर चालू करायची नाही, आणि रिलेचा काटा पाटीवरच्या आकड्यावरून हलवायचा नाही. पण पेटीवरचा दाब वाढवणे आमच्या एकट्याच्या हातात नाही. तेथे शेजारी येतो.

एका टी.सी.वरचे भाऊबंद

ज्याला आपण टी.सी. किंवा डीपी म्हणतो, त्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवरही आकडा असतो: २५, ६३ किंवा १०० के.व्ही.ए. ५ अश्वशक्तीचा एक पंप १.७३ × ४१५ × ७.६, म्हणजे सुमारे साडेपाच के.व्ही.ए. घेतो. २५ च्या टी.सी.वर असे ४ पंप बसतात, ६३ च्या टी.सी.वर ११. आपल्या टी.सी.वर किती आहेत, ते मोजून पाहावे. आकडा टाकून चालणारे पंप, आणि कागदावर ५ अश्वशक्तीचे पण विहिरीत साडेसातचे असलेले पंपही त्यात धरावेत. परवानगी नसलेला एक पंप वाढला की सगळ्यांचा दाब उतरतो, सगळ्यांचे अँपिअर चढतात, आणि ज्याने काही केले नाही त्याचीही मोटर जळते. आकडा टाकणे म्हणजे सरकारची चोरी, असे आपण समजतो आणि मनाला फारसे लावून घेत नाही. ती शेजाऱ्याच्या मोटरीची चोरी आहे. कबुलीसंस्काराला जाताना हेही मनाशी धरावे, असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट ऑटो स्विचची. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, रात्री उठावे लागू नये, म्हणून बहुतेकांनी ऑटो बसवला आहे. रात्री साप-विंचवात जाण्यापेक्षा तो बरा, हे आम्ही मान्य करतो. पण मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह घेते; ५ अश्वशक्तीची मोटर ४५ अँपिअरपर्यंत. दहा ऑटो एकाच क्षणी लागले तर ४५० अँपिअर. ६३ च्या टी.सी.ची पूर्ण ताकद आहे ८८ अँपिअर! दाब कोसळतो, मोटरी नीट वेग घेत नाहीत, नुसत्या हुंकारत उभ्या राहतात आणि तापतात, टी.सी.चे फ्यूज उडतात. आणि मग कोणीतरी फ्यूजमध्ये जाड तार अडकवतो. यावर उपाय फार खर्चाचा नाही. ऑटोला उशिरा सुरू होण्याचा टायमर असतो. एका टी.सी.वरच्या शेतकऱ्यांनी एकदा एकत्र बसून ठरवावे: पहिल्याचा पंप १ मिनिटाने, दुसऱ्याचा २ मिनिटांनी, तिसऱ्याचा ३ मिनिटांनी. वीज तीच, टी.सी. तोच, फक्त रांग लावायची. मिस्साबलिदानात कम्युनियनला आपण रांगेने जातो. येथेही रांगेने जाऊ.

तिसरी गोष्ट कपॅसिटरची. योग्य मापाचा कपॅसिटर मोटरीला जोडला तर पॉवर फॅक्टर सुधारतो. ०.८५ चा ०.९७ झाला तर लाइनवरचे ७.६ अँपिअर ६.७ होतात. प्रत्येक पंपामागे जवळजवळ १ अँपिअर वाचला तर टी.सी.ला मोकळा श्वास मिळतो. मात्र दोन फेजवर तीन फेजची मोटर ढकलण्यासाठी जे कंडेन्सर लावतात, तो प्रकार वेगळा. तो मोटरीला मारून मुटकून चालवण्याचा मार्ग आहे. आम्ही त्याची शिफारस करत नाही.

माणसाच्या अंगाचे ओहम

आतापर्यंत मोटरीचे झाले. आता माणसाचे. हाच हिशेब माणसाच्या शरीरालाही लागू आहे, आणि तेथे मोटर भरून देणारे दुकान नाही.

कोरड्या, घट्टे पडलेल्या कातडीचा रोध पुष्कळ असतो, म्हणून एखाद्याला नुसता झटका बसून सुटतो आणि तो फुशारकीने सांगतो की मला करंट लागत नाही. पण २३० व्होल्टपुढे कातडीचा आडसर फार टिकत नाही, आणि अंग ओले असले, पाय चिखलात असले तर मुळीच नाही. अशा वेळी हातापासून पायापर्यंतचा रोध १००० ओहम धरून चालावे. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. आता तुलना पाहा. १ मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या आल्यासारखे कळते. १० च्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. ३० च्या पुढे धोका जिवाचा. श्वास अडतो, आणि प्रवाह क्षणभर जास्त टिकला तर हृदयाची लय बिघडते. आपल्या चिखलातल्या माणसातून जातात २३०.

आणि फ्यूज? घरातला फ्यूज ५ किंवा १५ अँपिअरचा. ०.२३ अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नाही. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, माणसाला वाचवण्यासाठी नव्हे. हे वाक्य प्रत्येक घराच्या मीटरपेटीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. माणसाला वाचवणारे यंत्र वेगळे. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचे पाते लवण्याआधी ते वीज तोडते. दुकानात आर.सी.सी.बी. म्हणून मागावे. घरात ते असलेच पाहिजे. विहिरीवर कोणत्या मापाचे बसेल ते वायरमनला विचारावे.

अर्थिंगची गोष्टही हिशेबाचीच. मोटरीच्या आत तार सुटून तिच्या अंगाला लागली, आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे, असे समजा. २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर. १५ अँपिअरचा फ्यूज उडणार नाही! मोटरीचे लोखंड जिवंत राहील, आणि सकाळी व्हॉल्व्ह फिरवायला गेलेल्या माणसाला, किंवा ओल्यात चरणाऱ्या म्हशीला ते सापडेल. खड्ड्याचा आणि टी.सी.कडच्या अर्थिंगचा रोध मिळून ४ ओहम असेल तर ५७ अँपिअर वाहतील आणि फ्यूज ताबडतोब उडेल. पण त्याच फ्यूजमध्ये आपण जाड तांब्याची तार गुंडाळली असेल तर तोही उडणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये जमीन सुकते आणि खड्ड्याचा रोध वाढतो. कोळसा आणि मीठ घालून नीट भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून घागरभर पाणी ओतावे. आपल्या आजोबांच्या काळातला वायरमन हे सांगत असे. आता कोणी सांगत नाही.

रानडुकरांसाठी कुंपणात घरची वीज सोडणाऱ्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. पीक जाते तेव्हा काय वाटते ते आम्हीही शेतकरी असल्याने जाणतो. पण रात्री त्या तारेला डुक्करच लागेल हे कोणी ठरवले? तेथे लागतो पाणी पाजायला निघालेला शेजारी, लागते सरपण आणणारी बाई, आणि पुष्कळदा लागतो तार लावणारा स्वतःच, वीज बंद करायला विसरलेला. कायद्याने तो गुन्हा आहे. पाचव्या आज्ञेने तर आहेच. सौर कुंपणाचे यंत्र क्षणभराचाच, मोजक्या ताकदीचा ठोका देते. जनावर दचकून पळते आणि माणूस जिवंत राहतो. तेच लावावे.

कोणाला शॉक लागलाच तर प्रथम वीज तोडावी. त्याला हाताने ओढू नये. मेन स्विच दूर असेल तर स्वतः कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर करावी. मात्र खांबावरची उच्च दाबाची तार पडली असेल तर लाकडाचाही भरवसा नाही. दूरच राहावे आणि वीज बंद करवून घ्यावी. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे, आणि १०८ ला फोन करावा. अशा माणसाला मातीत पुरून ठेवण्याची जी समजूत आहे, तिच्यात मोलाची मिनिटे जातात. माती करंट ओढून घेत नाही. करंट अंगात साठून राहतच नाही.

आमचे म्हणणे

काही वाचक म्हणतील की हे वायरमनचे काम, आम्हां शेतकऱ्यांना कशाला? आमचे उत्तर आमच्या रिलेच्या काट्यात आहे. वायरमनने काटा फिरवला तो आमच्या हुकुमावरून. मालकाला हिशेब कळला नाही तर चांगला वायरमनही वाईट काम करतो. जिवंत तारेला हात लावणे हे वायरमनचे काम, त्यात आपण पडू नये. पण आकडे वाचणे आणि भागाकार करणे हे आपले काम आहे. खताची गोणी, डोसाचे प्रमाण, दुधाची फॅट आपण बोटांवर मोजतो. मग व्होल्ट आणि अँपिअर का नाही?

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाबद्दल प्रभू येशू लूकच्या १४ व्या अध्यायात बोलतो. आपल्यातले कित्येक जण पाया घालून पूर्ण न करू शकलेल्या त्या माणसासारखे आहेत: विहीर खणली, मोटर घेतली, आणि शेवटच्या ३०० मीटरच्या तारेत काटकसर केली.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक धर्मग्रामाने एक क्लॅम्प मीटर विकत घ्यावे आणि ते पाळकमंडळाकडे ठेवावे. एका मोटरीच्या वाइंडिंगपेक्षा ते स्वस्त पडते. एका टी.सी.वरच्या घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. संत इसिदोर शेतकरी यांचा सण १५ मे रोजी येतो. त्या सुमारास जमीन सर्वांत सुकी असते, दाब सर्वांत कमी असतो आणि पाऊस तोंडावर आलेला असतो. परीक्षेला याहून योग्य दिवस नाही. त्या दिवशी मिस्सा झाल्यावर जाणत्या वायरमनला बरोबर घेऊन प्रत्येक विहिरीवर जावे. दहावीत शिकणाऱ्या मुला-मुलींच्या हाती वही द्यावी. पेटीवरचे व्होल्ट, मोटरीवरचे व्होल्ट, चालू अँपिअर, पाटीवरचे अँपिअर, असे चार रकाने पाडावेत आणि भागाकार-गुणाकार मुलांनाच करू द्यावा. फ्यूजमधली जाड तार काढावी, रिलेचा काटा जागेवर आणावा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे.

आम्ही यंदा आमची वही तयार ठेवली आहे. पहिल्या पानावर आमच्याच मोटरीचे १०.३ लिहिले आहेत, म्हणजे दुसऱ्याला उपदेश करताना आमचा काटा कुठे होता ते आम्ही विसरणार नाही.